बिनमिठाचं आमलेट

ज्याच्या पोटाला नळी लावली आहे त्याच्यासाठी, आणि त्याच्या घरात चुलीपुढे जे कोणी बसतं त्याच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, पण आधीच सांगून ठेवतो, यात खाण्याचंच फार आहे. मी खाण्यातला माणूस. लोणावळ्याच्या एका हॉटेलात सकाळच्या पाळीला आमलेट करतो. लग्नाआधीपासून करतोय, अजून करतोय, मधले चार महिने सोडून. ते चार महिने म्हणजेच ही गोष्ट.

मागच्या आठवड्यात तिकोणा पेठेहून एक बाई हॉटेलच्या मागच्या दाराशी आली. तिच्या नवऱ्याला पुण्याला दवाखान्यात ठेवलंय. मूत्रपिंडं बंद पडलीत, पोटात पाणी सोडतात, थोड्या वेळानं काढतात, पुन्हा सोडतात. तिनं कुणाकडून तरी माझं नाव ऐकलं होतं. म्हणाली, "भाऊ, तुमचंबी असंच झालतं म्हनं. त्यास्नी खायाला काय देऊ?" डॉक्टरांनी सांगितलेलं तिला कळलं होतं, पण घरचे ऐकत नव्हते. सासूचं म्हणणं, आजारी माणसाला पेजच बरी, अंडं कशाला.

मग बोलता बोलता कळलं की तिचा सासरा म्हणजे आमचे आबा. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर होते ते. आता ते नाहीत. मी हातातलं उलथणं ठेवून तिला उभ्या उभ्या होतं नव्हतं तेवढं सांगितलं, पण गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि ती अर्धवट ऐकून गेली. म्हणून कागद घेऊन बसलो. तिला वाचता येतं.

पंचमीचा तवा

आमचं गाव कान्हे. तेव्हा घरात तिघंच, आई, मी आणि माझी बायको शांता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वडील मी सहा वर्षांचा असताना गेले. पुढे आईनं दोन खाचरं आणि पाच-सहा कोंबड्यांवर मला वाढवलं. मी एकुलता एक. त्यामुळे आईचा जीव माझ्यात किती अडकलेला होता ते वेगळं सांगत नाही.

नागपंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, भाजत नाहीत, तळत नाहीत. चुलीवर तवा चढत नाही. उकडलेली पुरणाची दिंडं खायची आणि बांधावरच्या वारुळाला दूध-लाह्या वाहून यायच्या. आजारपणाच्या साली पंचमीला मी सुटीवर घरी होतो. हॉटेलात राहून अंगात नको तेवढं शहाणपण शिरलेलं. मुंबईची माणसं बारा महिने आमलेट खातात, त्यांना कुठला साप चावतो, असं म्हणून मी भर श्रावणात, ऐन पंचमीला, तवा चुलीवर ठेवला आणि दोन अंडी फोडली. आई एकदाच "नगं रं" म्हणाली. मग उठून गोठ्यात जाऊन बसली. आमलेट झकास झालं होतं. अर्धं मी खाल्लं, अर्धं शांतानं.

आईला दुखवायचं माझ्या मनात नव्हतं. नव्या बायकोसमोर जरा मिरवायचं होतं, एवढंच.

भारा

दिवाळी झाली, आंबेमोहोर कापणीला आला, तेव्हा मी परत चार दिवसांची सुटी काढली. कापलेल्या भाताचे भारे बांधत होतो. एक भारा उचलायला वाकलो आणि डाव्या घोट्याच्या वर चटका बसला. घोणस होती. चावून पळालीसुद्धा नाही. फुसफुसत तिथंच वेटोळं घालून बसून राहिली, जशी काही ती जागा तिचीच होती.

गावातल्या दोघा-तिघांनी भगताकडे न्यायचं काढलं. आई म्हणाली, आधी दवाखाना. हे मी मुद्दाम लिहितो. पुढे मी तिच्याबद्दल जे सांगणार आहे त्यावरून कुणी तिला अडाणी समजू नये. तिनंच मला घोंगडीत घालून कान्ह्याच्या स्टेशनावर आणवलं आणि गाडीत घातलं. तळेगावात इंजेक्शनं मिळाली म्हणून जीव राहिला.

पाय मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त आलं, मग तेही थांबलं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सिस्टरनी विचारलं, लघवी कधी झाली होती? मला आठवेना. शांतालाही आठवेना. त्या दिवशी दुपारीच मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं.

तिथले डॉक्टर तरुण होते. तिघांसमोर नीट बोलले, आडपडदा ठेवला नाही. विष उतरलंय, पण त्यानं मूत्रपिंडं बंद पाडलीत. ती मेलेली नाहीत, झोपलेली आहेत. बहुतेकांची तीन-चार आठवड्यांत उठतात. तोवर पोटात नळी घालून रक्त धुवायचं आणि तोवर शरीर तगवायचं. ते टिकलं तर माणूस घरी जातो. आईनं विचारलं, आणि नाही टिकलं तर? डॉक्टरांनी हातातले कागद चाळल्यासारखं केलं. मला भीती वाटली ती तेव्हा. साप चावला तेव्हा नुसता राग आला होता.

पाणी आत, पाणी बाहेर

बेंबीच्या खाली जागा बधिर करून नळी घालतात. दुखतं, पण सोसवतं. नंतरचं दुखत नाही. काचेच्या दोन बाटल्या कोमट पाण्याच्या बादलीत ठेवलेल्या असतात. त्या वर टांगतात. पाणी पोटात उतरतं, पोट जड होतं, अर्धा तास तसंच पडायचं. मग खाली जमिनीवर ठेवलेल्या बाटल्यांत ते काढून घेतात. असं दोन दिवस सतत. मग दोन-तीन दिवस मोकळीक, आणि अंगात घाण साठली की पुन्हा नळी.

त्या दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. अंगातली घाण डोक्यात चढली की माणूस ना जागा ना झोपलेला, मधेच कुठेतरी तरंगत राहतो. खिडकीतून ऊन यायचं, बाटलीतून गाळून भिंतीवर पडायचं आणि भिंत हलायची. मला वाटायचं मी आमच्या वरच्या खाचरात उताणा पडलोय. पाणी गार नाही, कोमट आहे. ते छातीपर्यंत चढतं, भाताची रोपं माझ्या बरगड्यांतून उगवून वर येतात, त्यांची मुळं गुदगुल्या करतात. मग कोणीतरी बांधाचं तोंड उघडतं आणि सगळं पाणी सळसळत खालच्या खाचरात निघून जातं. मी हलका होऊन तिथंच राहतो. मला त्याची भीती वाटायची नाही. उलट बरं वाटायचं. आता सांगायला लाज वाटते, पण एकदोनदा मनात आलं होतं की पुढच्या वेळी आपणही त्या पाण्याबरोबर जावं, कशाला मागे राहायचं.

मधूनच शांता दिसायची. कधी ती खाटेशेजारी असायची, कधी बांधावर. ती म्हणायची, डोळे उघडा. मी म्हणायचो, उघडेच आहेत.

पेज

आता खाण्याचं. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटेल असं केलं, त्याच्या तोंडाला चव नावाची गोष्ट राहिली नाही. सगळ्याला तांब्याच्या पैशाचा वास. दूध, चहा, पाव, सगळ्याला. वॉर्डात जेवणाची गाडी आली की मी तोंड भिंतीकडे करायचो. पाणी मोजून, दिवसाला तीन-चार कप. मीठ बंद. लोक प्रेमानं शहाळं आणि मोसंबी आणायचे ती सिस्टर दारातच काढून घ्यायच्या. तेव्हा राग यायचा. पुढे कळलं, त्या शहाळ्यानं माझं काळीज बंद पडू शकलं असतं. तेव्हा शहाळं डॉक्टरांना विचारल्याखेरीज नको, हे आधी लक्षात ठेवा.

एकच वास मला सोसायचा, आंबेमोहोराच्या पेजेचा. आई एक दिवसाआड कान्ह्याहून गाडीनं यायची आणि डब्यातून पेज आणायची. झाकण काढलं की डोळे मिटून मी घरी जाऊन यायचो. दोन-चार घोट जायचे.

डॉक्टर म्हणाले, पेज चालेल, पण पेजेवर तुम्ही टिकणार नाही. रोज अंडी खा. दवाखान्यातून सकाळी दोन उकडलेली अंडी सोलून मिळायची. मीठ नाही, मिरी नाही. पांढरी, ओली, ताटलीत पडलेली.

आई त्या दिवशी तिथंच होती. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर तिनं ताटली हळूच बाजूला सारली आणि मग सांगितलं. मला चावलेल्या दिवशीच संध्याकाळी ती वारुळापाशी जाऊन आली होती. नवस बोलली होती. माझा लेक आपल्या पायानं इथं येऊन तुला दूध घालीपर्यंत आमच्या चुलीवर तवा चढणार नाही, आणि त्याच्या नि माझ्या तोंडात अंडं जाणार नाही. तिच्या मनात सगळं अगदी सरळ होतं. पंचमीला तवा चढला, अंडी फुटली, म्हणून दिवाळीला डंख झाला. जे चुकलं तेच सोडायचं.

मी तिला हसायला पाहिजे होतं. पंचमीला हसलो होतो तसा. पण पोटात नळी असली की माणूस हसत नाही. खरं सांगू? मलाही ते पटलं. शांतालाही पटलं, कारण अर्धं आमलेट तिनं खाल्लेलं होतं आणि ते तिच्या मनातून जात नव्हतं. आणि त्यातून मला अंड्याचा वासही नको होता. देवाचं कारण मिळालं, बरंच झालं. तिघांचं एकमत झालं आणि डॉक्टर एकटे पडले.

आबांची तब्येत

शेजारच्या खाटेवर आबा होते, दमेकरी, बरे होत आलेले. बरं होणाऱ्या माणसाला भूक फार. माझी ताटली आली की मी ती त्यांच्याकडे सरकवायचो. ते एकदा "पोरा, तुला नगं व्हय?" म्हणाले आणि पुढे विचारायचे बंद झाले. सिस्टर यायच्या तेव्हा ताटली रिकामी. त्या कागदावर लिहून जायच्या, अंडी घेतली.

तब्बल बारा दिवस हे चाललं. आबांचे गाल वर आले. माझे पाय सुजले, आणि ही सूज विषाची नव्हती. बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. दंडाची कातडी लोंबायला लागली. नळी घालायची जागा भरून येईना, तिथून पाणी झिरपायचं, चादर बदलावी लागायची. दोन वेळा नळी घालून झाली होती, तिसऱ्या वेळी डॉक्टर माझ्या पोटाकडे बराच वेळ बघत राहिले. ते सिस्टरना म्हणाले, अंडी खातोय तरी असं का? जखम अशीच राहिली तर पोटात पू होईल. मी ऐकत होतो, पण पुन्हा त्या खाचरात होतो. कोणाबद्दल बोलतायत, असं वाटत होतं.

बोलले आबा. ते खाटेवर उठून बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "डागदरसायेब, त्याची आंडी म्या खातुया. रोजची."

डॉक्टर शांतावर चिडले, आणि ती रडायला लागली. आई डबा घेऊन त्याच वेळी आत आली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं डबा खाली ठेवला आणि नवसाचं सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

काचेची नळी

डॉक्टर हताश होऊन गेले. सिस्टर राहिल्या. नगरकडच्या होत्या, उंच, फारसं न बोलणाऱ्या. वॉर्डाच्या कोपऱ्यात एक टेबल होतं, त्यावर स्पिरिटचा दिवा असायचा. त्यांनी माझ्या पोटातून नुकतंच निघालेलं पाणी बाटलीतून काचेच्या एका बारीक नळीत घेतलं. ते स्वच्छ होतं, जरासं पिवळट. मग दिवाच माझ्या खाटेपाशी आणला आणि आईला म्हणाल्या, मावशी, बघा इकडे.

नळी दिव्यावर धरली. थोडा वेळ काही झालं नाही. मग पाण्यात धुरासारखं काहीतरी आलं, दाटलं, आणि पाणी पांढरं झालं. त्याचे बारीक पुंजके होऊन हलायला लागले.

मी आठ वर्षं रोज सकाळी तेच बघत आलो होतो. तव्यावर पडल्यावर अंड्याचा पांढरा भाग असाच होतो. तेवढ्यापुरता मी पूर्ण जागा झालो.

"ह्यात काय घातलं बाई?" आईनं विचारलं.

"काही नाही. हे तुमच्या मुलाच्या अंगातलं आहे. घाण धुताना हेपण जातं. रोज जातं."

आई ती नळी हातात घेऊन खिडकीपाशी गेली. उन्हात धरून बघत राहिली. मला वाटलं, ती आता रडेल. ती बोलली ती मात्र शेतकऱ्याच्या बायकोसारखी, अगदी हिशेबात. "खाचराचं पानी सोडलं की खतबी वाहून जातंय. आन् आमी तर वरनं नुसतंच पानी घालतुया." पेजेचा डबा तिनं उचलला, उघडलाच नाही, आणि निघून गेली. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

दोन दिवस

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या नेमाप्रमाणे तिसऱ्या दिवशी यायची, तर गाडीची वेळ टळून गेली तरी तिचा पत्ता नाही. सिस्टर समोर उभ्या राहून मला अंडं भरवायला बघत होत्या. मी तोंडात घ्यायचो आणि ते तिथंच फिरत राहायचं, गिळवायचं नाही. देवाची भीती होतीच, आणि आईची त्याहून जास्त. आपण खाल्लं आणि तिला ते कळलं, तर ती पुन्हा गोठ्यात जाऊन बसेल, असं काहीतरी लहान मुलासारखं वाटायचं. शांता म्हणाली, आत्याबाई आता येणार नाहीत, त्यांचं मन मोडलं. नवरा-बायको एकमेकांना दोष द्यायला लागलो. ती म्हणाली, तुम्हीच तवा ठेवलात. मी म्हणालो, तू खाल्लंस कशाला. अशा वेळी माणसं काय काय बोलतात. तिकोणा पेठेच्या बाईंनो, तुम्ही दोघंही बोलाल. ते मनाला लावून घेऊ नका.

दुपार कलल्यावर आई आली. डबा कडीचा होता, नेहमीचाच. उघडला तर आत आमलेट.

मी पुष्कळ आमलेटं बघितली आहेत. असं बघितलं नाही. एका बाजूनं करपलेलं, दुसऱ्या बाजूनं ओलं, कडा तुटलेल्या, मध्ये घडी घालायचा प्रयत्न केलेला आणि अर्ध्यावर सोडलेला. तिनं जन्मात कधी केलं नव्हतं. पंचमीला मी करत होतो तेव्हा गोठ्यात जायच्या आधी तिनं जेवढं बघितलं होतं, तेवढ्यावर केलं होतं. मीठ नव्हतं, डॉक्टरांचं तेवढं तिनं पाळलं होतं.

मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "नवस माजा हाय. तुजा न्हाई. मोडला तर मोडनाराला लागंल. तू खा."

तिनं तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला. त्याला करपट वास होता, चुलीचा धूर होता, खोबरेल की गोडेतेल कसलं तरी जास्तच होतं. तांब्याच्या पैशाचा वास नव्हता. महिन्यात पहिल्यांदा मला कशाची तरी चव लागली. मी सगळं खाल्लं. आबा पलीकडे भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होते.

त्यानंतर रोज चार अंडी. दोन दवाखान्याची, दोन आईची, ती आता रोज यायला लागली होती. नंतर नंतर डॉक्टरांनी मासाही सांगितला, दूधही थोडं सांगितलं, प्रत्येकाचं माप वेगळं. माझं माप तुमचं नसेल, ते त्यांनाच विचारा. पण विचारा, आणि सांगितलेलं खा. नळीनं घाण जाते ते सगळ्यांना दिसतं. कस जातो तो दिसत नाही, कारण घरात कोणी ते पाणी दिव्यावर धरून बघत नाही.

अर्धा कप

चौथ्या वेळी नळी घातली तेव्हा झिरपणं थांबलं होतं. पायाचे खळगे भरत आले होते. मी उशीला टेकून बसायचो, खाचरात कमी आणि वॉर्डात जास्त असायचो. आणि एका सकाळी, चहाच्या आधी, लघवी झाली. अर्धा कप असेल. सिस्टर ती बाटली घेऊन निघाल्या तर आबांनी त्यांना थांबवलं, हातात घेऊन उजेडाला धरली आणि सगळ्या वॉर्डाला सांगितलं की पोराचं चालू झालं. दहा-बारा अनोळखी माणसं खाटांवर बसून हसत होती. शांता पदर तोंडाला लावून व्हरांड्यात गेली. असली वस्तू बघून माणसं आनंदानं रडतात, हे ज्यानं भोगलंय त्यालाच खरं वाटेल.

मग अर्ध्या कपाचा कप झाला, कपाचा तांब्या झाला. पाचव्यांदा नळी लागली नाही.

घरी आलो तो माघ लागला होता. स्टेशनापासून घरापर्यंत चालत आलो, मध्ये तीन वेळा बसलो. दुसऱ्याच दिवशी बांधावर जाऊन वारुळाला दूध घातलं. आई बरोबर होती. तिनं हात जोडले, पण तिचा चेहरा खुलला नाही. मला वाटलं, थकली असेल. खरंच ती फार उतरली होती. जेवताना ती आपलं ताट आधीच वाढून घ्यायची, शांता आमटीत मीठ घालायच्या आत. मी म्हणायचो, वयानं होतं असं. माझं पथ्य चैत्रात संपलं, मीठ सुरू झालं. मी हॉटेलात परत गेलो. तिच्या ताटाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पुढची पंचमी

श्रावण आला. पंचमीला मी मुद्दाम सुटी काढून घरी गेलो. विळीला हात लावला नाही, तव्याकडे बघितलं नाही. दिंडं उकडली होती. आई सकाळीच दूध-लाह्या घेऊन गेली होती, ती जेवायची वेळ झाली तरी आली नाही. शांता म्हणाली, तुम्ही जा, आत्याबाई बांधावर बसल्यात. तिनं मला आधी सांगितलं नव्हतं, आईनं तिला शपथ घातली होती.

भुरभुर पाऊस होता. आई वारुळापाशी घोंगडी डोक्यावरून घेऊन बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत सारलेलं, दोन्ही अनवाणी पाय सरळ लांब केलेले, टाचा वारुळाच्या भोकापासून हातभर. दूध कधीच पावसात वाहून गेलं होतं. मला क्षणभर काही समजेना. मग समजलं, ती त्याची वाट बघत होती.

मी तिच्या शेजारी बसलो. मीही पाय लांब केला. तिनं तो घोट्याला धरून मागे ढकलला, जिथं चावलं होतं तिथंच धरून.

"तुजा पाय मागं घे. तुजं झालंय. नवस म्या मोडला. आज त्याचा दिस हाय, त्याला काय करायचं ते करू दे."

मी तिला उठवायला बघितलं. ती उठली नाही. मी तिला सिस्टरनी दाखवलेल्या काचेच्या नळीची आठवण दिली. तिला ती माझ्यापेक्षा जास्त आठवत होती. ती म्हणाली, डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी, त्यांचं खरंच होतं. पण शब्द दिला तो दिला होता. तिचे पाय मी एवढ्या जवळून कधी बघितले नव्हते. टाचांना भेगा, त्यात खाचरातली काळी माती वर्षानुवर्षांची. पाऊस त्यांच्यावर पडत होता. समोर सगळी खाचरं भरलेली, एकाचं पाणी दुसऱ्यात उतरत होतं आणि त्याचा आवाज मला पुण्याच्या वॉर्डातून ओळखीचा होता. मी पुन्हा तरंगायला लागेन की काय असं वाटलं, म्हणून आईचा पदर धरून बसलो. एक बेडूक तिच्या पावलावर चढला, थोडा थांबला, आणि पलीकडे उतरला. ती हलली नाही.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा तिनं पाय जवळ ओढले. चोळले. वारुळाकडे बघून म्हणाली, "न्हाई आला." आवाजात विजय नव्हता, काही नव्हतं. मग थोड्या वेळानं म्हणाली, भूक लागली.

वाटेत ती पुढं आणि मी मागं. घर दिसायला लागल्यावर मागे न बघता म्हणाली, "श्रावण सरू दे. मग ते तुजं आमलेट कर. मीठ घालून."

मीठ म्हटल्यावर मला तिचं ताट आठवलं. शांताला विचारलं. आई दवाखान्यात डबा आणायला लागली तेव्हापासून तिनं मीठ तोंडात घातलं नव्हतं. नवसात मिठाचा शब्दही नव्हता. मला नाही म्हणून तिलाही नाही, एवढंच. आणि माझं मीठ सुरू झाल्यावर तिचं का सुरू झालं नाही, तर नवस मोडलेल्या बाईनं चवीनं जेवावं कसं, असं तिला वाटत होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तवा चुलीवर ठेवला. तिच्याच कोंबड्यांची तीन अंडी, कांदा, मिरची, कोथिंबीर, आणि मीठ जरा सढळ. एवढी आमलेटं केली, पण असा कधी घाबरलो नाही. अर्धं तिला वाढलं, अर्धं तव्यावर ठेवलं. तिनं घास तोंडात घातला, डोळे मिटले, बराच वेळ चावत राहिली.

मग विचारलं, "पुन्याला म्या आनलेलं असंच लागलं व्हतं?"

मी म्हणालो, "नाही. ते ह्याच्यापेक्षा चांगलं होतं."

"खोटं बोलतुयास," आई म्हणाली, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी ताटली पुढं केली.